शब्दचर्चा : 'समान' की 'एकरूप'? आणि 'व्यक्तिगत' म्हणजे कुणाचा?

नौपाडाकर : आमच्या सोसायटीत कॉलेजच्या मुलांचा वादविवाद ठेवलाय. विषय 'समान नागरी कायदा हवा की नको'. एका मुलीने संविधानाची मराठी प्रत आणून दाखवली. अनुच्छेद 44 मध्ये 'एकरूप नागरी संहिता' आहे. पेपरांत आणि भाषणांत मात्र सगळीकडे 'समान नागरी कायदा'. अर्थामध्ये फरक पडतो का?

निवृत्त शिरस्तेदार, कोर्ट नाका : पडतो. आधी 'नागरी' घ्या. कोर्टात आम्ही जन्मभर 'दिवाणी' म्हणत आलो. दिवाणी दावा, दिवाणी न्यायाधीश, दिवाणी प्रक्रिया संहिता. 'नागरी' म्हटलं की ठाणेकराला पाणी, गटार आणि सहकारी बँक आठवते. आणि दिवाणी कायदा म्हणाल तर तो बराचसा सगळ्यांना एकच आहे. 1872चा कराराचा, 1882चा मालमत्ता हस्तांतरणाचा. डॉ. आंबेडकरांनी 23 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत हेच सांगितलं होतं, की उरलंय ते लग्न आणि वारसा. एवढ्या मोठ्या नावाखाली भांडण आहे ते लग्न, घटस्फोट, पोटगी, दत्तक आणि वारसा यांचं.

डोंबिवली फास्ट : हिंदी संविधानात 'एक समान सिविल संहिता' आहे. तिथे 'एक समान' म्हणजे एकसारखी. मराठीत 'एक' गळला की अर्थ सरकतो.

नेरूळची वाचक : सरकतो म्हणजे पार दुसरीकडे जातो. एकरूप म्हणजे सगळ्या समाजांना एकच नियम. समान म्हटलं की आपण समानता ऐकतो, बाई-पुरुष एका पायरीवर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

1956चा हिंदू वारसा कायदा बघा. समजा, एका विधवेने स्वतःच्या पगारातून ऐरोलीत फ्लॅट घेतला. मूल नाही, मृत्युपत्र नाही. ती गेली तर कलम 15 प्रमाणे फ्लॅट आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये अशाच एका प्रकरणात सासरच्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्या बाईला सासरच्यांनी घराबाहेर काढलेलं होतं! पुरुष गेला तर त्याची आई पहिल्याच वर्गात वारस असते. उद्या हेच कलम सर्व धर्मांना लावलं तर कायदा एकरूप होईल. समान होईल का?

गोव्याचा दाखला सगळे देतात. तिथली 1867ची पोर्तुगीज संहिता खरंच चांगली आहे, नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरते. पण 1880च्या तिथल्या हिंदू रूढींच्या नियमांत बायकोला 25व्या वर्षापर्यंत मूल, किंवा 30व्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची वाट ठेवलेली आहे. म्हणजे एकरूपही नाही आणि समानही नाही.

मुंब्रा बायपास : ताई, मुद्दा पटला, पण 'समान' शब्द टाकून देऊ नका. 18 एप्रिल 1966 ला मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा आणा, ही मागणी. त्या बायकांना 'एकरूप' नको होतं. नवऱ्याइतका हक्क हवा होता. मराठीत या शब्दाला ही कमाई आहे. आज कोण कशासाठी वापरतो, तो भाग वेगळा. आमच्या गल्लीत हा शब्द ऐकला की लोक सावध होतात, आणि ते उगाच होत नाहीत.

नेरूळची वाचक : मान्य. मग म्हणणारा कोणत्या अर्थाने म्हणतोय, ते त्याला विचारलंच पाहिजे. उत्तराखंडची संहिता 27 जानेवारी 2025 पासून लागू झाली, नावात 'समान', पण अनुसूचित जमाती तिच्याबाहेर आहेत. बाहेर ठेवणं योग्य असेलही. मग शब्द तरी नेमका वापरा.

येऊर पायथा : मला 'व्यक्तिगत कायदा', म्हणजे 'पर्सनल लॉ', लग्न-वारशाचे धर्माप्रमाणे वेगळे कायदे, हा शब्द जास्त खटकतो. 'व्यक्तिगत' म्हटलं की ज्याचात्याचा खासगी मामला वाटतो. प्रत्यक्षात माणूस जन्मतो आणि कायदा चिकटतो. बौद्ध, जैन, शीख यांची लग्नं 1955च्या हिंदू विवाह कायद्याखाली येतात; आमच्या पाड्यावरच्या वारल्यांना मात्र तो लागत नाही, कारण केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय अनुसूचित जमाती त्यातून वगळलेल्या आहेत. ठाण्यातल्या बेने इस्राएली, म्हणजे ज्यू, मंडळींचा वारसा 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो, पण लग्नाचा त्यांचा लिखित कायदाच नाही. यात 'व्यक्ती' कुठे आहे? हिंदीतला 'स्वीय विधि' बोजड, पण निदान फसवत नाही. मी 'धर्मनिहाय कायदा' म्हणतो.

निवृत्त शिरस्तेदार : धर्मनिहायही पुरत नाही, जातनिहाय रूढी आहेत ना! काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे शब्द कुठून आले? 1955च्या कायद्याच्या कलम 29 ने रूढीचा घटस्फोट शाबूत ठेवलाय.

नौपाडाकर : म्हणजे काडीमोड आजही चालते? आमच्या कामवाल्या मावशी पंचांपुढे झालेली सांगतात, त्यांच्याकडे नोटरीचा कागदही आहे.

निवृत्त शिरस्तेदार : चालते, पण त्या समाजात तशी रूढी आहे हे कोर्टात शाबीत करावं लागतं. नुसता नोटरीचा शिक्का मारलेला स्टँप पेपर पुरत नाही. मावशींना दुसरं लग्न करायचं असेल तर आधी वकिलाला दाखवायला सांगा, नाहीतर उद्या पहिला नवराच उभा राहील.