मदत हवी आहे: कासच्या पाणथळ जागा पायदळी न तुडवता मुलांना कशा दाखवायच्या?

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये सातवी-आठवीच्या पंधरा-वीस मुलांना कास पठारावर निसर्गफेरीसाठी न्यायचं ठरतंय. फुलांचे गालिचे सगळेच दाखवतात. मला त्याखालचं पाणी दाखवायचंय: जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर, पावसाळ्यात त्यावर साचणारी उथळ डबकी आणि त्यांतलं जग.

या मातीत नत्र फार कमी, म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती कीटक खाऊन भूक भागवतात. सीतेच्या आसवांचं निळं-जांभळं फूल सगळ्यांना दिसतं, पण खरी गंमत चिखलात असते. तिथे टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात आणि बारीक जीवाचा स्पर्श झाला की त्या पाण्यासकट त्याला आत ओढून घेतात. हे मुलांनी डोळ्यांनी बघावं असं फार वाटतं, पण त्यासाठी रोप उपटायचं नाही हे नक्की. मग कसं दाखवावं? चित्रं आणि भिंग पुरेल का?

वायतुरा आणि गेंद ही पाणथळ जागेतली फुलं वाटेवरूनच नीट दिसतील अशा जागा कोणाला माहीत आहेत का? कुमुदिनी तळ्यापर्यंत मुलांना चालवणं झेपेल का? आसपासच्या गावांतला, डबक्यांतल्या जीवांबद्दल बोलू शकणारा वाटाड्या मिळाला तर उत्तमच. त्याला मानधन देऊ.

शनिवार-रविवार टाळतोय. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बरा की दुसरा, तेही सांगा.