शब्दचर्चा : पेनड्राइव्हवर विंडोज ‘टाकणे’, ‘मारणे’ की ‘बसवणे’?

प्रश्न
‘पेनड्राइव्हवर विंडोज टाकली, तरी लॅपटॉप बूट होत नाही.’ मदत मागणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. यातल्या ‘टाकली’चा नेमका अर्थ काय घ्यायचा? आणि सूचना मराठीत लिहिताना कोणते शब्द वापरावेत?

प्रतिसाद १
‘टाकणे’ या एका क्रियापदात तीन निरनिराळी कामं दडलेली असतात आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. पहिलं काम म्हणजे आयएसओ फाइल (अख्ख्या इन्स्टॉल-चकतीची एकाच फाइलमध्ये बांधलेली प्रत) पेनड्राइव्हवर कॉपी करणं. दुसरं, त्या फाइलच्या आतला ऐवज पेनड्राइव्हवर अशा रीतीने आणणं की त्यावरून लॅपटॉप बूट होईल, म्हणजे पेनड्राइव्हवरची प्रणाली चालू लागेल. तिसरं, त्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉपच्या डिस्कवर विंडोज चढवणं. ‘टाकली’ म्हणणाऱ्याने बऱ्याचदा फक्त पहिलं काम केलेलं असतं.

म्हणून आधी एवढंच विचारावं : पेनड्राइव्ह उघडल्यावर काय दिसतं? पाच-सहा जीबीची एकच फाइल दिसली तर नुसती कॉपी झाली आहे. लॅपटॉपचं फर्मवेअर (चालू होताना सर्वांत आधी चालणारं आतलं सॉफ्टवेअर) आयएसओ फाइल उघडून आत डोकावत नाही. ते पेनड्राइव्हवर ‘ईएफआय’ फोल्डर शोधतं, त्यात ‘बूट’ फोल्डर आणि त्यात ‘बूटएक्स६४’ नावाची फाइल. ती जागच्या जागी नसेल तर त्याच्या दृष्टीने पेनड्राइव्ह रिकामाच. ‘बूट’, ‘ईएफआय’, ‘सोर्सेस’ हे फोल्डर आणि शेजारी ‘सेटअप’ फाइल दिसत असेल, तर दुसरं काम झालेलं आहे. दोष पुढे शोधायचा.

याला एक अपवाद आहे. व्हेंटॉय हे बूट होणारा पेनड्राइव्ह बनवायचं साधन एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की त्यानंतर आयएसओ खरोखरच नुसती कॉपी करायची असते. तिथे ‘कॉपी केली’ हे बरोबर उत्तर आहे.

प्रतिसाद २
खरी अडचण दुसऱ्या कामाच्या शब्दाची आहे. ‘बर्न करणे’ सीडीच्या काळातलं. तिथे लेझरने चकतीवरच्या रंगद्रव्याच्या थरात खरंच खुणा जाळल्या जात, पेनड्राइव्हमध्ये जळत काहीच नाही. ‘फ्लॅश करणे’ मोबाइल दुरुस्तीवाल्यांच्या तोंडी रुळलेलं आहे, पण तिथे ते फोनच्या आतलं सॉफ्टवेअर बदलण्यासाठी वापरतात. ‘उतरवणे’ मराठी कानाला गोड, पण इंटरनेटवरून फाइल ‘उतरवून घेणे’ आधीच रूढ आहे. ‘आयएसओ उतरवा आणि मग पेनड्राइव्हवर उतरवा’ हे वाचून नवखा माणूस गोंधळणारच.

माझं मत ‘उमटवणे’ला. ठसा उमटवताना जे होतं तेच इथे होतं : आयएसओतला पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंतचा क्रम जसाच्या तसा पेनड्राइव्हवर येतो आणि तिथली जुनी मांडणी पुसली जाते. लिनक्सवर ‘डीडी’ ही आज्ञा हेच करते. तिथे ‘एसडीबी’ म्हणजे अख्खा पेनड्राइव्ह आणि ‘एसडीबी१’ म्हणजे त्यावरचं पहिलं पार्टिशन, म्हणजे वेगळा पाडलेला भाग. ठसा अख्ख्या पेनड्राइव्हवर उमटवायचा असतो. शेवटी तो ‘१’ लिहिला गेला तर आज्ञा विनातक्रार पूर्ण होते आणि पेनड्राइव्ह मात्र बूट होत नाही. अक्षर चुकून ‘एसडीए’ झालं तर बहुधा लॅपटॉपची स्वतःची डिस्कच पुसली जाते. आज्ञा देण्याआधी ‘एलएसबीएलके’ ही जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा चालवून आकार बघा. १६ जीबीचा पेनड्राइव्ह तिथे साधारण १४.९ दाखवतो.

प्रतिसाद ३
‘उमटवणे’ लिनक्सला चपखल बसतं, विंडोजला नाही. उबंटू, फेडोरा, डेबियन यांच्या आयएसओमध्ये पेनड्राइव्हवरून बूट होण्याची सोय आधीपासून भरलेली असते, म्हणून त्यांचा सरळ ठसा चालतो. विंडोजच्या आयएसओत ती नसते. ती ‘डीडी’ने उमटवली तर पेनड्राइव्हवरून बूट होत नाही. विंडोजसाठी पेनड्राइव्ह फॅट३२ या फाइल मांडायच्या पद्धतीत फॉरमॅट करून आयएसओतल्या फाइल त्यावर मोकळ्या कराव्या लागतात. याला मी ‘उलगडणे’ म्हणेन. पेनड्राइव्ह बनवायचं रूफस हे साधन काही आयएसओंच्या बाबतीत ‘आयएसओ पद्धत की डीडी पद्धत’ असं विचारतं, तो प्रश्न नेमका हाच आहे : उलगडू की उमटवू?

उलगडताना येणारी अडचणही वेगळी. फॅट३२वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहू शकत नाही आणि ‘सोर्सेस’मधली ‘इन्स्टॉल डॉट विम’ अलीकडे सर्रास ती मर्यादा ओलांडते. कॉपी अर्ध्यावर थांबते आणि ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप येतो. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा असला तरी हे होतं, कारण प्रश्न जागेचा नाहीच. विंडोजमधल्या ‘डिझम’ या आज्ञेने त्या फाइलचे ३८०० एमबीचे तुकडे करावेत, किंवा रूफस वापरावं. ते मोठा भाग एनटीएफएस या मोठ्या फाइल चालणाऱ्या पद्धतीत करतं आणि बूट होण्यासाठी शेवटी एक चिमुकलं पार्टिशन जोडतं.

प्रतिसाद ४
‘बूट’ला ‘सुरू होणे’ हा पर्याय कोणी सुचवण्याआधीच सांगतो, तो नको. ‘लॅपटॉप सुरू होत नाही’ यातून वीजच येत नाही, की पडदा उजळतो पण विंडोज येत नाही, हे कळत नाही. एकात चार्जर तपासायचा, दुसऱ्यात पेनड्राइव्ह. ‘बूट’ हा बूटस्ट्रॅपचा, म्हणजे बूट ओढून पायात घालण्याच्या पट्टीचा, संक्षेप. १९५०च्या दशकापासून संगणकाच्या भाषेत आहे. तो मराठीत पुरता मुरला आहे, राहू द्या.

प्रतिसाद ५
‘फॉरमॅट मारणे’बद्दल कळकळीने लिहितो, कारण या शब्दापायी लोकांचे फोटो गेले आहेत. शिक्का मारणे, रंग मारणे तसं हे ‘मारणे’. त्यात गैर काही नाही. पण दुकानात ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणजे सी ड्राइव्ह पुसून नवी विंडोज. इन्स्टॉलरच्या यादीतलं ‘फॉरमॅट’ निवडलेल्या एकाच पार्टिशनला लागू होतं, आणि विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’ या डिस्क विभागायच्या साधनातलं ‘क्लीन’ अख्ख्या डिस्कची विभागणीच उडवतं, डी ड्राइव्हसकट. तीन गोष्टींना तीन नावं हवीत.

हा घोळ विशेषतः ‘निवडलेली डिस्क जीपीटी पद्धतीची आहे’ या निरोपावर होतो (जीपीटी म्हणजे डिस्क विभागायची नवी पद्धत). लगेच कोणीतरी ‘क्लीन मार’ सांगतो. खरं कारण बहुधा इतकंच असतं की पेनड्राइव्ह नव्या यूईएफआयऐवजी जुन्या बायोस पद्धतीने बूट झाला आहे. बाहेर पडा, बूट मेनू उघडा. डेल, लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९. तिथे एकाच पेनड्राइव्हची दोन नावं दिसत असतील तर ज्याच्याआधी ‘यूईएफआय’ लिहिलंय ते निवडा. एकच असेल आणि त्याआधी ‘यूईएफआय’ नसेल, तर रूफसमध्ये पार्टिशनची पद्धत ‘जीपीटी’ ठेवून पेनड्राइव्ह पुन्हा बनवा. डिस्कला हात लावायची गरज नाही.

प्रतिसाद ६
तिसऱ्या कामाला ‘बसवणे’. अनुवादित मेनूंमधलं ‘प्रतिष्ठापन’ देवळात शोभतं. पंखा, नळ, मोटर आपण बसवतो, तशी विंडोजही. ‘बसली’ आणि ‘नीट बसली नाही’ हे आपोआप मिळतं. फाइल कॉपी झाल्यावर पहिल्यांदा लॅपटॉप रीस्टार्ट होतो तेव्हा विंडोज पुरती बसलेली नसते, पुढचं काम डिस्कवरून व्हायचं असतं. बूटक्रमात पेनड्राइव्ह पहिला असेल तर त्या क्षणी काही वेळा ‘कोणतीही कळ दाबा’ असं येतं. दाबली की भाषा निवडायचा पहिला पडदा पुन्हा हजर, आणि ‘विंडोज बसतच नाही’ अशी तक्रार येते. कळ दाबू नका, किंवा त्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढून घ्या.