शाडूच्या कार्यशाळेआधी एवढं बघा

शाळेतल्या गणपती कार्यशाळेला घरटी किती माती लागेल आणि गेल्या वेळी मूर्ती का तडकल्या, असं विचारलंय.

सात-आठ इंची मूर्तीला दोन किलो शाडू पुरतो. कोल्हापुरात बापट कॅम्पातल्या किंवा गंगावेशीतल्या कुंभारांकडं भिजवलेलीच माती मिळते का, ते आधी विचारा. कोरडी भुकटी आणली तर आदल्या रात्रीच भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. ऐन वेळी पाणी ओतून मळली की गुठळ्या राहतात, आणि तडा नेमका तिथूनच जातो.

दुसरं कारण जोड. हात, सोंड, कान नुसते दाबून चिकटवू नका. दोन्ही बाजूंना काडीनं आडव्या-उभ्या रेघा ओढा, मातीचा पातळ राडा लावा, मग दाबा. पोट भरीव आणि सोंड बारीक असली की सोंड आधी वाळून आकसते आणि सुटते, म्हणून सोंडेवर ओलसर कापड ठेवा. पोट खालून कोरून पोकळ केलं तर उत्तमच.

वाळवायला ऊन नको, पंखा तर नकोच. आपल्याकडच्या श्रावणातल्या दमट हवेत आठवडा सहज जातो, तेव्हा कार्यशाळा चतुर्थीच्या किमान पंधरा दिवस आधी घ्या, ही कळकळीची विनंती. ओल असताना रंग दिला की पोपडे सुटतात. गेरू, हळद वापरलीत तर विसर्जन घरच्या बादलीतच होईल, पंचगंगेवर भार नको. माती तळाशी बसली की ती कुंडीत घाला.