कुत्र्याला घरचं जेवण की पाकिटातलं? पोट नक्की कशाने बरं राहतं?

ताकभात:
सोसायटीच्या ग्रुपवर परवा यावरून चांगलीच जुंपली म्हणून इथे टाकतोय. एक पार्टी म्हणते पाकिटातलं ड्राय फूड (किबल) सोडून काहीही दिलं की कुत्र्याचं पोट बिघडणारच, दुसरी म्हणते वाड्यातली कुत्री भाकरी खाऊन जगली, ही कसली थेरं. माझं मत सरळ आहे, घरी शिजवलेलं ताजं केव्हाही बरं. रोज तेच तपकिरी खडे खाऊन आपण तरी राहू का? आमचा शेरू (गावठी, १८ किलो) भात, उकडलेलं चिकन, लाल भोपळा आणि वर चमचाभर दही असं खातो, शी बांधीव, केस चकचकीत. आधी किबलवर होता तेव्हा दिवसातून चारदा जायचा आणि रात्री घरभर असा वास की पाहुणे एकमेकांकडे बघायचे. डॉक्टरांना विचारलं तर म्हणे किबलच द्या, आणि त्यांच्या काउंटरमागे त्याच गोण्यांची थप्पी! आता काय समजायचं ते समजा.

हिशेबी_मांजर:
शेरूची शी बांधीव आहे हे छानच, पण शीवरून आतडं कळतं, हाडं कळत नाहीत. चिकन-भातात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास शून्य, मग शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला ते हाडांतून ओढतं. मोठ्या कुत्र्यात हे बराच काळ दिसतच नाही, पिल्लाचे पाय मात्र वाकतात. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ साली कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० रेसिप्या तपासल्या होत्या, त्यातल्या ९५ टक्क्यांत किमान एक तरी गरजेचा घटक कमी निघाला, आणि त्यातल्या कितीतरी रेसिप्या खुद्द व्हेट लोकांनी लिहिलेल्या होत्या. आपण तर कुकरला तीन शिट्ट्या करून 'बॅलन्स्ड डाएट' म्हणतो.

ताकभात:
आणि २००७ मध्ये अमेरिकेत पाकिटातल्याच खाण्यात मेलामाइन (प्लास्टिक बनवायचं रसायन) निघालं, कुत्र्या-मांजरांच्या किडन्या गेल्या, ते विसरलात का? चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये प्रोटीन जास्त दिसावं म्हणून घातलेलं होतं ते. त्या पाकिटांवरही 'संपूर्ण व संतुलित' असंच छापलेलं असणार ना. माझ्या कुकरात काय पडतं ते निदान मला माहीत असतं.

रानवारा:
वाड्यातल्या कुत्र्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. माझं माहेर लातूरकडचं, घरी कायम कारवान जातीची शिकारी कुत्री असायची. त्यांना काय मिळायचं तर ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, तीही संध्याकाळी सगळ्यांची जेवणं झाल्यावर. पण ते कुत्रं दिवसभर रानात असायचं हो! उंदीर, घुशी, सरडे, म्हैस व्यायली की तिची वार, मेलेल्या जनावराचं जे हाती लागेल ते. म्हणजे ते भाकरीवर जगत नव्हतं, भाकरी*पण* खात होतं. आणि एका वेळच्या सहा पिल्लांतली चार पावसाळ्यात जायची, ती कोणी मोजली? जी जगली तीच सगळ्यांना आठवतात. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, दिवसातून दोनदा खाली जाणाऱ्या कुत्र्याला नुसती भाकरी-ताक घालायचं आणि वर म्हणायचं परंपरा, हे मला काही पटत नाही.

खारीबटर:
रानवारा ताई +१. पण आमच्याकडच्या काकांना हे कोण सांगणार, रोज सकाळी चहा पिताना टायगरला ग्लुकोज बिस्किटं, 'मागतोय बघ कसा बिचारा'. १०० ग्रॅम बिस्किटं म्हणजे साडेचारशेच्या आसपास कॅलरी झाल्या, आणि दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसभरात लागतात साधारण सहाशे. मग जेवत नाही म्हणून भातावर तूप. मग लठ्ठ झाला म्हणून डॉक्टर. डॉक्टर म्हणतात बिस्किटं बंद करा, तर काका डॉक्टर बदलतात.

पशुवैद्य_सोलापूर:
मी पशुवैद्य आहे आणि दवाखान्यात गोण्या ठेवत नाही, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचाल.

माझ्याकडे जुलाब घेऊन येणाऱ्या कुत्र्यांत 'घरचं की पाकिटातलं' हा मुद्दा क्वचितच असतो. कारणं बहुतेक वेळा भलतीच निघतात. काल रात्री अचानक खाणं बदललं, पाहुण्यांनी श्रीखंड चाटवलं, जंताचं औषध देऊन जमाना झाला, किंवा दूध. पिल्लू आईचं दूध पचवतं कारण त्याच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज असतं, दूध सुटलं की ते कमी होत जातं, मग मोठ्या कुत्र्याला वाटीभर दूध दिलं की साखर न पचता खाली जाते, पाणी ओढते आणि तुम्ही पहाटे पाचला लिफ्टमध्ये. दह्यात ती थोडी कमी असते म्हणून चमचाभर बऱ्याच जणांना चालतं, सगळ्यांना नाही.

भात-भाकरी कुत्र्याला पचतच नाही हेही खरं नाही. स्टार्च पचवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत सापडल्या, स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवलंय. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर राहून कमावलेली गोष्ट आहे ती. पण 'उष्टं' म्हणजे लसणाची फोडणी घातलेली आमटी नव्हे. कांदा-लसूण कच्चा असो, शिजवलेला असो की मसाल्यातली पूड असो, त्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि रोज थोडं थोडं जात राहिलं तर सुरुवातीला काही कळतही नाही. मनुका-द्राक्षं किडनीला घातक, चॉकलेट तर नकोच. दिवाळीनंतरच्या आठवड्यात तळण आणि मटणाची चरबी खाऊन स्वादुपिंडाला सूज आलेली कुत्री ठरलेली असतात.

आणि एक हात जोडून सांगणं, लस पूर्ण न झालेलं पिल्लू उलट्या करतंय आणि शीतून रक्त जातंय तर दही-भात देऊन दोन दिवस वाट बघू नका, पार्वो (आतड्याचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) असू शकतो, त्याच दिवशी आणा.

हिशेबी_मांजर:
डॉक्टर, पटलं, पण तुम्ही बाजू घेतलीच नाहीत!

नुसताच_श्रीधर:
आमच्या घरात अंडंही येत नाही. ल्युसी पनीर, डाळ-भात, पोळी यावर मजेत आहे, तिला डाळ तर इतकी आवडते की ताटली खणखणीत चाटून ठेवते. कुत्रा काही मांजरासारखा पक्का मांसाहारी नाही असं वाचलंय, मग उगाच अपराधी वाटून का घ्यायचं?

रानवारा:
श्रीधर, तुमचा धर्म तुम्ही पाळा, ल्युसीने कधी दीक्षा घेतली?

पशुवैद्य_सोलापूर:
रानवारा ताई, टोमणा जोरात आहे पण श्रीधर यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. मांजराला टॉरिन (हृदयाला लागणारा घटक) खाण्यातूनच मिळावं लागतं, कुत्रा ते शरीरात बनवतो, फक्त त्यासाठी लागणारी अमिनो आम्लं प्रोटीनमधून पुरेशी यायला हवीत, आणि डाळीत नेमकी तीच कमी असतात. शिवाय कुत्र्याच्या कातडीत उन्हाने डी जीवनसत्त्व आपल्यासारखं तयार होत नाही, ते पोटातूनच जावं लागतं. अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०१८ मध्ये ग्रेन-फ्री म्हणजे धान्याऐवजी वाटाणे-मसूर भरलेल्या पाकिटांमुळे हृदय मोठं होतं का याची चौकशी सुरू केली होती, थेट कारण काही सिद्ध झालं नाही, पण डाळीवरच सगळा भार टाकायच्या आधी थांबावं एवढं तरी त्यातून घ्या. शाकाहारी ठेवायचंच असेल तर न्यूट्रिशनवाल्या व्हेटकडून आखून घ्या, डाळ-भातात अंदाजपंचे नको.

खारीबटर:
पाकीटवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये. आमच्या कोपऱ्यावरच्या पेट शॉपमध्ये वीस किलोची गोणी तोंड उघडी ठेवून किबल सुटं विकतात, मापाने. मे महिन्यात वर पत्रा, आत उकाडा, हात घातला की बोटांना तेलकट चिकट लागतं आणि वास जुन्या शेंगदाण्यासारखा. त्यातली चरबी खवट झालेली असते, कंपनीने कितीही बॅलन्स करून पाठवलेलं असो. तेच 'सेन्सिटिव्ह स्टमक'वालं म्हणून आणायचं आणि मग म्हणायचं किबल मानवलं नाही! छोटं सीलबंद पाकीट घ्या, तारीख बघा, घरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बास.

ताकभात:
हेच तर म्हणतोय! बरं, कॅल्शियमचं म्हणाल तर नाचणी आहे की. आंबील करून घालू.

पशुवैद्य_सोलापूर:
हिशेब करा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम. शेरूच्या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला १ ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे रोज पावशेराच्या वर नाचणी घालावी लागेल, चिकनला पोटात जागाच उरणार नाही. अंड्याची टरफलं भाजून अगदी मैद्यासारखी पूड केलीत तर अर्ध्या चमचात तेवढं निघतं. पण हे मोठ्या कुत्र्याचं गणित झालं. लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांच्या पिल्लांना अंदाजाने कॅल्शियम देऊ नका, लहान वयात जादा कॅल्शियम शरीर अडवू शकत नाही आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. आणि कॅल्शियम सुटलं तरी झिंक, तांबं, आयोडीन, ई जीवनसत्त्व राहतंच. त्याची कुत्र्यांसाठीची मिक्स पावडर मिळते, ती मोजून घालावी लागते.

बदल काय करायचा तो सात ते दहा दिवसांत हळूहळू, रोज जुनं थोडं कमी आणि नवं थोडं जास्त. जेवण दोन वेळा विभागून द्या, मोठ्या खोल छातीच्या कुत्र्यांना तर एकदम परातभर घालून लगेच पळवू नका, पोट फुगून पीळ पडतो आणि मग तासांचा खेळ असतो.

हिशेबी_मांजर:
म्हणजे घरच्या जेवणातलं नेमकं महत्त्वाचं ते पाकिटातूनच येणार. जिंकलो आम्ही 😄

ताकभात:
मीठही पाकिटातूनच येतं आमच्याकडे, म्हणून स्वयंपाक काही कंपनीचा होत नाही. पावडर आणेन, किबल नाही.

रानवारा:
तुमचं चालू द्या. डॉक्टर, एक विचारायचं होतं, आमची पॉम बारा वर्षांची आहे, आठवड्यापासून ना भात खातेय ना पाकीट, नुसतं हुंगते आणि मागे सरते. शी नीट आहे.

पशुवैद्य_सोलापूर:
खायला येते आणि मागे सरते म्हणजे भूक असावी, तोंड दुखत असावं. ओठ वर करून मागच्या दाढा बघा, पिवळा थर आणि लाल हिरडी दिसेल बहुतेक. पण या वयात आठवडाभर न खाणं म्हणजे रक्ताची तपासणी हवीच, किडनी-लिव्हर बघून घ्या. उद्याच न्या. तोवर मऊ, कोमट चिकन-भात पातळ करून द्या, कांदा-लसूण नको. याबाबतीत ताकभात यांची बाजू घेतली असं समजा.