डिकोड करूनही स्पेसच्या जागी + दिसतोय, आणि कुणी % टाकलं की पानच पांढरं

अर्धाकंस
जावास्क्रिप्टमध्ये सर्चचं पान बनवतोय, साधा फॉर्म आहे गेट मेथडचा (म्हणजे भरलेलं यूआरएलमधूनच जातं), सबमिट झाला की पुढच्या पानावर यूआरएलमधून शब्द उचलून "तुम्ही शोधलंत: अमुक" असं दाखवायचंय, एवढंच काम. मी लोकेशन.सर्च (यूआरएलमधला ? पासूनचा भाग) घेतो, त्या सगळ्याला एकदम डिकोडयूआरआयकंपोनंट (% वाल्या कोडची परत मूळ अक्षरं करणारं फंक्शन) लावतो, मग & वर स्प्लिट, मग = वर स्प्लिट, आणि शेवटी खात्रीसाठी प्रत्येक व्हॅल्यूला (= च्या पुढचा भाग) परत एकदा डिकोड. एका शब्दाला मस्त चालतं. पण "आई बाबा" टाकलं की "आई+बाबा" दिसतं. रिप्लेस लावलं तर पहिलाच + गेला बाकीचे तसेच, मग रिप्लेसऑल लावलं तर "सी++" शोधणाऱ्याचे दोन्ही प्लसच गायब 😭 "आर&डी" टाकलं तर नुसतं "आर" येतं. आणि "५०% काम" टाकलं तर कन्सोलमध्ये यूआरआय मालफॉर्म्डची लाल एरर आणि पान पांढरं. दोन दिवस डोकं खातंय हे. कुठं चुकतंय?

रात्रपाळी
हाताने स्प्लिट करणं सोड आधी. हे वापर:

न्यू यूआरएलसर्चपॅराम्स(लोकेशन.सर्च).गेट('शोध')

डिकोड करूनच देतं, वर काही लावू नकोस.

जुनापुराणा
अनएस्केप (डिकोडचं जुनं फंक्शन) वापरून बघ, आम्ही कायम तेच वापरायचो, एररच येत नाही.

टॅबकीस्पेस
@जुनापुराणा एरर येत नाही हे खरं, पण मराठीचा कचरा होतो त्याचं काय? देवनागरीतलं एक अक्षर यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये ३ बाइटचं असतं, नुसता "म" यूआरएलमध्ये %ई०%ए४%एई असा जातो, म्हणजे एका अक्षराला ९ कॅरेक्टर. अनएस्केपला यूटीएफ-८ कळतच नाही, तो प्रत्येक बाइट सुटा धरून त्याचं वेगळं अक्षर करतो, मग "म" च्या जागी तीन विचित्र चिन्हं दिसतात. इंग्रजीत चालून जायचं म्हणून कुणाच्या लक्षात यायचं नाही. ते कधीच डेप्रिकेटेड (वापरू नका असं ठरलेलं) झालंय, नव्या कोडमध्ये आणू नका प्लीज.

@अर्धाकंस तुला चार बग वाटतायत पण मुळात गोंधळ एकच आहे, डिकोड कधी आणि किती वेळा करायचं हा. बघ, फॉर्म पाठवताना ब्राउझर स्पेसचा + करतो, आणि माणसाने खरंच टाइप केलेल्या + चा %२बी करतो, म्हणजे तिथपर्यंत दोन्ही वेगळे ओळखता येतात. तू सगळ्याला एकदम डिकोड केलंस की %२बी चा पण + झाला, आता कुठला + स्पेसचा आणि कुठला सी++ चा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. & चं तेच, "आर&डी" मधला & बिचारा %२६ बनून गुपचूप आत बसला होता, तू स्प्लिट करायच्या आधीच त्याला उघडा पाडलास, मग स्प्लिटने तिथंच कापला. आणि डिकोडयूआरआयकंपोनंट स्वतःहून + चा स्पेस कधीच करत नाही, तो फॉर्मचा नियम आहे, त्याचा नाही.

हातानेच करायचं असेल तर क्रम असा: आधी & वर तोड, मग फक्त पहिल्या = वर तोड (व्हॅल्यूत पण = असू शकतो), मग सगळ्या + चे स्पेस कर, आणि सगळ्यात शेवटी डिकोड, तेही एकदाच. की ला (= च्या आधीचं नाव) पण हेच करायचं, नुसतं व्हॅल्यूला नाही. पण का करायचं हाताने, वर सांगितलंय ते हेच सगळं करतं.

% ची एरर त्या "खात्रीसाठी"मुळे आहे. पहिल्या डिकोडला %२५ चा % झाला, बरोबर झालं. दुसऱ्या वेळी त्याला उघडा % दिसला, त्याच्या पुढं दोन हेक्स आकडे (०-९, ए-एफ) हवेत तर तिथं + आणि "क", मग तो एरर फेकणारच.

अर्धाकंस
अरे देवा, खात्रीनेच घात केला 😅 पण @रात्रपाळी तुझी ओळ टाकली तर शोध ला नल (म्हणजे काहीच सापडलं नाही) येतंय, आणि गंमत म्हणजे पान चं मात्र बरोबर येतंय. यूआरएल ?शोध=…&पान=२ अशी आहे.

रात्रपाळी
लोकेशन.सर्च दिलंय की लोकेशन.एचरेफ?

अर्धाकंस
एचरेफ 🙈

रात्रपाळी
मग बरोबर आहे. यूआरएलसर्चपॅराम्स फक्त सुरुवातीचं ? काढतं, बाकी अख्खा पत्ता पहिल्या की चं नाव समजतं. म्हणून पहिला पॅरामीटर हरवतो आणि दुसरा सापडतो. अख्खी यूआरएल असेल तर न्यू यूआरएल(…).सर्चपॅराम्स वापर. आणि पान स्ट्रिंग (आकडा नाही, मजकूर) म्हणून येतं बरं का, त्यात १ मिळवायला गेलास तर २ चे २१ होतील, आधी नंबर कर.

कोपऱ्यातला_बग
मधेच घुसतो, सॉरी. आमच्याकडे मेलच्या लिंकमधून बेस६४ टोकन (अक्षरं, आकडे आणि काही चिन्हांचा ओळख-कोड) येतं, यूआरएलसर्चपॅराम्सने वाचलं की कधी चालतं कधी नाही, म्हणजे दहातली काही टोकन नाकारली जातात. डिकोडयूआरआयकंपोनंटने वाचलं तर सगळी चालतात. मग ते चांगलं ना?

टॅबकीस्पेस
तुझ्या ज्या टोकनमध्ये + आहे तीच फसतायत, बघ तपासून. बेस६४ मध्ये + हे खरं अक्षर आहे, पण लिंक बनवणाऱ्याने ते कच्चंच चिकटवलंय, म्हणून वाचताना त्याचा स्पेस होतो. वाचणाऱ्याची चूक नाही ही. लिंक बनवताना टोकनला एन्कोडयूआरआयकंपोनंट लावा, नाहीतर तिथंही यूआरएलसर्चपॅराम्सचं सेट आणि टूस्ट्रिंग वापरा, + चा %२बी होऊन जाईल. आधीच गेलेल्या मेलचं काय करणार, तिथं तात्पुरतं स्पेसचे परत + करून घे, बेस६४ मध्ये स्पेस नसतोच त्यामुळे इथं चालून जाईल, पण हाच जुगाड सर्चच्या शब्दाला लावू नकोस, नाहीतर याच्या "आई बाबां"पासून परत सुरुवात.

कोपऱ्यातला_बग
तपासलं. नाकारलेल्या सगळ्यांत + आहे. लिंक बनवणारा कोड पण मीच लिहिलेला निघाला.

अर्धाकंस
माझं झालं. अठरा ओळी होत्या, दोन उरल्या. सी++, आर&डी, ५०% काम, तिन्ही नीट दिसतायत. @टॅबकीस्पेस @रात्रपाळी धन्यवाद दोघांना 🙏