'अम्नेस्टी'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

अमेरिकेतल्या बेकायदा स्थलांतरितांबद्दल काहीही वाचा, 'अम्नेस्टी' हा शब्द येतोच आणि आपल्याकडे त्याचं सरळ 'माफी' करून टाकतात. मला ते खटकतं. मूळ ग्रीक शब्द विसरण्याचा, अम्नेशिया (स्मृती जाणं) पण त्याच घरातला, म्हणजे झालं गेलं सरकार विसरलं. पण १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी सही केलेला कायदा बघा, १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून इथे राहतोय हे दाखवा, फी भरा, आधी तात्पुरता परवाना, मग थोडं इंग्रजी नि नागरिकशास्त्र आणि मग ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना. शेतमजुरांची वाट वेगळी होती. सगळे धरून साधारण २७ लाख लोक कायदेशीर झाले. आता दंड माफ होणं वेगळं आणि वर राहण्याचा हक्क मिळणं वेगळं, 'माफी'त हा दुसरा भाग कुठे बसतो?

प्रतिसाद : 'अभय' चालेल की. थकीत करासाठी अभय योजना असते तसं.

धागाकर्ता : अभय छान शब्द आहे पण तो आखाती देशांतल्या प्रकाराला जास्त शोभतो. यूएईने २०२४ मध्ये दिली ना, सप्टेंबर ते डिसेंबर, व्हिसा संपलेल्यांचा दंड माफ, कागद नीट करा नाहीतर गुपचूप घरी जा. तिथे अम्नेस्टी म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यापुढे परतीचं तिकीट येतं, अमेरिकेत म्हटलं की कायमचं राहणं. शब्द एकच.

प्रतिसाद : मग 'नियमित करणे' घ्या. अनधिकृत बांधकाम नियमित करतात तेच हे, अमुक तारखेच्या आधीचं असेल तर शुल्क भरा आणि कायदेशीर व्हा. आणि त्यातली भीती पण तीच, एक तारीख ठरली की लोक पुढच्या तारखेची वाट बघत नवीन बांधायला घेतात.

धागाकर्ता : अगदी बरोबर बोललात, मला हाच शब्द हवा होता! १९८६ ला सांगितलं होतं की बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांना दंड बसेल म्हणजे नवीन लोक येणारच नाहीत. प्रत्यक्षात कागद वरवर खरे दिसले की मालक सुटला, त्यामुळे खोट्या कागदांचा धंदा जोरात चालला आणि २००७ पर्यंत बेकायदा राहणाऱ्यांचा आकडा सव्वा कोटीच्या आसपास गेला. म्हणून तर रेगननी १९८४ च्या डिबेटमध्ये स्वतःहून वापरलेला 'अम्नेस्टी' शब्द आता शिवीसारखा झालाय, विरोधक तो मुद्दाम वापरतात आणि बाजूने बोलणारे टाळतात. २०१३ चं अशा लोकांना कायदेशीर करायचं बिल सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ नी पास झालं, त्यात नागरिकत्वापर्यंत १३ वर्षांची वाट आणि दंड होता तरी अम्नेस्टीच म्हणून झोडपलं, आणि हाऊसने, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहाने, ते मतदानालाच घेतलं नाही.

माझा मावसभाऊ तिकडे ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, दर वर्षीच्या ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा म्हणून भारतीयांची रांग हलतच नाही. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणारं सरकारी पत्रक) उघडून आपली तारीख आली का बघतो, मुलगी २१ ची झाली की ती त्याच्या अर्जातून बाहेर पडणार. तो मला म्हणाला, "कुणाला मिळालं तर माझ्या पोटात दुखत नाही रे, पण मी नियम पाळला तो कुठेच का मोजत नाहीत?" मला ही तक्रार खरी वाटते, आणि २५ वर्षं तिथल्या शेतात राबलेल्याला उचलून बाहेर टाकणं पण पटत नाही.

प्रतिसाद : आणि त्या सगळ्यांना 'घुसखोर' म्हणतात त्याचं काय? त्यातले कितीतरी रीतसर व्हिसा घेऊन विमानाने आलेत, मुदत संपल्यावर राहिले. घुसले कुठे?

धागाकर्ता : खरंय, घुसखोर म्हणजे सीमा चोरून ओलांडलेला. मुदत संपून राहिलेल्याला आपल्याकडे सुटसुटीत शब्दच नाहीये, 'मुदतबाह्य' माणसाला लावला तर औषधाच्या बाटलीसारखं वाटतं. कुणाला सुचतोय का?