पुण्याचं स्पायसर : शनिवार, मेस आणि डिग्रीचं नेमकं काय?

प्रश्न (सांगलीकर)
मामेबहिणीला बारावीनंतर औंध रोडच्या स्पायसरमध्ये पदवीला घालायचं घरात चाललंय. आम्ही ख्रिस्ती नाही, घर पूर्ण शाकाहारी. आम्हाला स्पायसर माहीत ते फक्त तिथल्या ब्रेडमुळे. कोणी म्हणतं ते विद्यापीठ आहे, कोणी म्हणतं नुसतं चर्चचं कॉलेज. शनिवारी सगळं बंद म्हणजे नक्की काय? आणि 'काम करा, फी फेडा' ही योजना किती भरवशाची? माहीतगारांनी सांगावं.

खडकी लोकल
आधी 'विद्यापीठ की कॉलेज' ते सांगतो, कारण दोन्ही म्हणणारे आपापल्या काळापुरते बरोबर आहेत.

ही संस्था सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची; ते शनिवार हा विश्रांतीचा आणि उपासनेचा दिवस पाळतात. 1915 मध्ये कोइमतूरला चर्चचे कार्यकर्ते तयार करायची शाळा म्हणून सुरू झाली, पुढे बंगळूर भागात गेली आणि 1942 मध्ये पुण्यात आली. स्पायसर हे नाव 1937 चं. विल्यम स्पायसर 1898 ते 1901 या काळात कलकत्त्यात या पंथाच्या मासिकाचे संपादक होते, आणि 1922 ते 1930 जागतिक चर्चचे अध्यक्ष. ते 1952 मध्ये वारले. 1955 पासून फलकावर 'स्पायसर मेमोरियल कॉलेज' आलं. 2014 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केला आणि 'स्पायसर अॅडव्हेंटिस्ट युनिव्हर्सिटी' झाली. म्हणजे आज ते राज्याचं खासगी विद्यापीठ आहे, शेजारच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न नाही. पेपर काढणं, निकाल, गुणपत्रक, सगळं त्यांचं स्वतःचं.

यातली मेख अशी. गावातले कोणी काका 'मी स्पायसरचा पदवीधर, मला काही अडचण आली नाही' किंवा 'मला आली' असं सांगत असतील आणि त्यांची डिग्री 2014 आधीची असेल, तर तो अनुभव तुमच्या बहिणीला लागू नाही. त्या काळात काही अभ्यासक्रमांना मिशिगनच्या अँड्र्यूज विद्यापीठाची पदवी इथे शिकून मिळत असे. त्यामुळे जुन्या कागदावर कोणतं नाव आणि कोणतं वर्ष आहे त्यावर सगळं ठरतं.

आता काय तपासायचं ते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) संकेतस्थळावर राज्य खासगी विद्यापीठांची यादी असते, त्यात नाव बघा. पण तेवढ्यावर थांबू नका. विद्यापीठाला मान्यता म्हणजे प्रत्येक कोर्सला मान्यता नव्हे. बीएड असेल तर एनसीटीईची (शिक्षक-प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची) मंजुरी लागते, आणि ती ठरावीक जागांपुरती. दूरशिक्षण असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची वेगळी परवानगी. आणि खासगी विद्यापीठाला कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. दुसऱ्या गावात कोणी 'स्पायसरशी संलग्न' म्हणून प्रवेश देऊ लागला तर तिथेच थांबा.

आवारातली शाळा (बारावीपर्यंतची) वेगळी आहे, तिच्या चौकशीच्या खिडकीवर पदवीचं विचारून उपयोग नाही.

दिनमान
शनिवारबद्दल. शब्बाथ, म्हणजे पंथाचा तो विश्रांतीचा दिवस, हा कॅलेंडरचा शनिवार नव्हे. शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू, शनिवारी मावळला की संपला. पुण्यात नोव्हेंबरअखेर सूर्यास्त सहाच्या आत, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात शुक्रवारची दुपारची कामं तास-सव्वा तास आधी आवरावी लागतात: कपडे धुणं, इस्त्री, बाजार. नव्या मुलामुलींची गडबड इथेच होते, जूनमध्ये लागलेली सवय डिसेंबरात चालत नाही.

त्या चोवीस तासांत तास नाहीत, परीक्षा नाहीत, कार्यालय नाही. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना, शनिवारी सकाळी शब्बाथ शाळा (बायबलच्या अभ्यासाचा वर्ग) आणि मग मुख्य उपासना. याशिवाय अधूनमधून प्रार्थना सप्ताह असतो. वसतिगृहात राहणाऱ्यांची हजेरी कशाकशाला सक्तीची, बिगरख्रिस्ती मुलींना काय सवलत, हे नियमपुस्तिका मागून वाचा. तोंडी 'काही नसतं हो' यावर जाऊ नका. दागिने, पोशाख, मोबाइल यांचे नियमही त्यातच सापडतील. बांगड्या आणि कानातलं हा विषय आपल्या घरांतून हमखास निघतो, म्हणून आधीच विचारलेलं बरं.

आणि पालकांनी फी-कागदपत्रांसाठी शनिवारी सांगलीहून निघू नये. शुक्रवारी सकाळी पोचा.

भाकरी आणि पाव
शाकाहारी घर आहे म्हणालात म्हणून लिहिते. तिथे मांस-मासे नाहीत, दारू-तंबाखू नाही, चहा-कॉफीही पंथात वर्ज्य मानतात. पण अॅडव्हेंटिस्ट शाकाहारात दूध आणि अंडी चालतात! आपल्याकडे 'शुद्ध शाकाहारी' म्हटल्यावर जे समजतात ते हे नव्हे. अंडं नको असेल तर मेसमध्ये आणि बेकरीत पदार्थागणिक विचारावं लागेल. जैन कुटुंब असेल तर कांदा-लसणाचंही.

गव्हाचा ब्रेड, सोयाचं दूध, पीनट बटर यांचा या पंथाशी जुना संबंध आहे. कॉर्नफ्लेक्सवाले डॉ. जॉन केलॉग अॅडव्हेंटिस्टांच्याच, अमेरिकेतल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामाचे प्रमुख होते, आणि शेंगदाण्याच्या लगद्याचं पेटंट त्यांनी 1890 च्या दशकात घेतलं. शिक्षणात हाताचं काम हवं, हा आग्रहही त्याच परंपरेतला.

हिशेबनीस
शेवटच्या मुद्द्याला धरून: काम हा शिक्षणाचा भाग मानतात, त्याला शिष्यवृत्ती समजू नका. त्यावर फीचं गणित बांधू नका. चार गोष्टी लेखी घ्या. तासाला दर किती, आठवड्याला कमाल किती तास, पैसे हातात की फीच्या खात्यात जमा, आणि परीक्षेच्या आठवड्यात काय. सेमिस्टरची फी आधी भरावी लागते आणि कामाची रक्कम नंतर जमा होत जाते, फट इथेच पडते. पहिल्या सेमिस्टरची पूर्ण रक्कम हाताशी ठेवूनच प्रवेश घ्या. परदेशी विद्यार्थ्यांनी तर कामाचं आधी विचारावंच, विद्यार्थी व्हिसावर नोकरीला परवानगी नसते.

प्रवेश रद्द केला तर यूजीसीच्या 2018 च्या नियमानुसार परतावा असा: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा अधिक आधी कळवलं तर पूर्ण (प्रक्रियाशुल्क जास्तीत जास्त 5 टक्के, तेही ₹5,000 पर्यंतच वजा), 15 पेक्षा कमी दिवस आधी 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांत 80, त्यापुढे 30 दिवसांपर्यंत 50, नंतर शून्य. यूजीसी वर्षागणिक वेगळी परिपत्रकंही काढते, तीही बघा. अर्ज ईमेलने करा, तारीख राहते. मूळ गुणपत्रक आणि टीसी पडताळून लगेच परत मिळायला हवेत, ठेवून घेता येत नाहीत.

खडकी लोकल
एक राहिलं. सरकारी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी धरली असेल तर महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) ती योजना या विद्यापीठाला आणि त्या कोर्सला दिसते का, ते प्रवेशाआधी बघा. अल्पसंख्याक खासगी संस्थांना राज्यघटनेच्या कलम 15(5) चं प्रवेशातलं आरक्षण लागू होत नाही, त्यामुळे जातीच्या दाखल्यावर जागा मिळेल हे गृहीत धरू नका.